कंडक्टरची पेटी, कारकुनाचे गठ्ठे

सरकारी कचेरीत नव्याने लागलेल्या कारकुनाला आधी एक गोष्ट शिकवतात. टेबलावर आलेला कागद सहापैकी कुठल्या तरी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि ‘ड’, म्हणजे नष्ट करायचे कागद. सातवा गठ्ठा नाही. ‘नंतर बघू’ असा तर नाहीच नाही, निदान पुस्तकात तरी. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीतली दप्तरं अशी काही झाडून-पुसून लावली की ‘लखीना पॅटर्न’ हा शब्द जुन्या कारकुनांच्या तोंडी कायमचा बसला.

असेच गठ्ठे रोज लावणारी एक बाई सातारा जिल्ह्यातल्या एका कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे. वडील, म्हणजे आण्णा, गेल्यावर गावच्या घरातलं सामान आवरायची जबाबदारी तिच्याकडे आली ती याच कारणाने. थोरला भाऊ चाकणला कारखान्यात, धाकटा ठाण्याला. दोघांचं एकच म्हणणं, “तू रोज तेच करतेस, तूच कर.” कागद लावायची सवय असलेल्या माणसाच्या गळ्यात घरादाराचे कागद पडतात, हे बहुतेक घरांत असंच चालतं.

सुट्टी एकट्याची कधीच जमत नाही, म्हणून सगळ्यांची मे महिन्यात जमवली. पोरांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आधी आजीकडे, मग घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागरचा समुद्र. त्यामुळे गाड्यांच्या डिकीत पोहायचे कपडे आणि रिकामी खोकी शेजारी शेजारी होती.

घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. या भागातल्या घरांचं एक वेगळेपण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं दगावली आणि दगडामातीची हजारो घरं बसली. या घराचाही तेव्हा ढिगारा झाला. त्यामुळे घरातला सगळ्यात जुना कागद १९६८ चा. आजोबांच्या हातची चिठ्ठी नाही, पणजोबांचा दस्त नाही. जे काही आहे ते पत्र्याच्या नव्या घरात आल्यानंतरचं, आणि त्यातलं बहुतेक आण्णांनी जमवलेलं. मोडी वाचणारा शोधत फिरायची वेळ आली नाही, हा त्यातला फायदा.

आण्णा एसटीत कंडक्टर होते. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, १९७३ साली लागले आणि अठ्ठावन्न पुरी झाल्यावर निवृत्त झाले. कराड ते चिपळूण ही त्यांची आवडती लाइन. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट, खाली पोफळी, शिरगाव. ही नावं ते झोपेतही ओळीने म्हणायचे असं आई सांगते, आणि तिच्या आवाजावरून ते कौतुक आहे की तक्रार, हे कळत नाही.

तिने सुरुवात कागदांपासून केली. हा तिचा कार्यालयातला अनुभव. वस्तूंपासून सुरुवात केली की प्रत्येक वस्तूपाशी कुणीतरी खाली बसतं, गोष्ट सांगायला लागतं, आणि संध्याकाळपर्यंत एक कपाट होतं. फोटोंचा अल्बम तर पहिल्या दिवशी उघडूच नये. कागदाला गोष्ट नसते. त्याला तारीख असते आणि क्रमांक असतो. सोप्यात सतरंजी टाकली, सहा जागी सहा जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि धाकट्याच्या मुलीला हाताशी घेतलं.

‘प्रलंबित’मध्ये सातबारा आणि आठ-अ. वारस नोंद अजून व्हायची होती. जमिनीत हक्क आल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं जमीन महसूल संहिता सांगते आणि गावोगाव ते वर्षानुवर्षं राहून जातं. ‘प्रतीक्षाधीन’मध्ये आईच्या पेन्शनचा अर्ज. एसटीच्या लोकांना सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. त्यांना १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना लागू, आणि पेन्शनर गेला की विधवेला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम. पासबुकाला नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, त्यामुळे बँकेचं काम मृत्यूचा दाखला, फॉर्म आणि ओळखपत्र एवढ्यावर भागणार होतं. दाखल्याच्या प्रती मात्र कितीही काढल्या तरी कमीच पडतात.

सातबारावरून थोडं खटकलं. वारस म्हणून आई आणि तिन्ही मुलांची नावं लागणार. चुलत्यांनी थोरल्याला फोनवर सुचवलं होतं, “पोरीचं हक्कसोडपत्र आत्ताच करून टाका, सगळी जमली आहात तर.” बहिणीने हक्क सोडायचा, हे आपल्याकडे इतकं ठरून गेलेलं आहे की कायद्याने मुलीला बरोबरीचा वाटा दिला तरी सही मागताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. तिने कागद ‘प्रलंबित’मध्येच ठेवला आणि म्हणाली, “नाव लागू दे. सोडायचं की नाही ते नाव लागल्यावर ठरवता येतं, आधी नाही.” थोरला काही बोलला नाही. वहिनींनी चहा आणला.

‘ड’ गठ्ठा मोठा निघेल असा तिचा अंदाज होता आणि तसाच निघाला. बंद झालेल्या गॅस एजन्सीच्या पावत्या, लग्नपत्रिका, नव्वद सालापासूनची वीजबिलं सालवार लावून सुतळीने बांधलेली. इतकी नीट बांधलेली रद्दी टाकायला हात होत नाही, ही गोष्ट कुठल्याही अभिलेख कक्षात काम केलेला माणूस कबूल करील.

मग पेटी.

लोखंडी, हिरव्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव. कंडक्टरचा तिकिटांचा ट्रे, पंच, चामडी बॅग हे सगळं महामंडळाचं, निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा झालेलं. पेटीत उरलं होतं ते त्यांचं स्वतःचं. मुक्कामी गाडीला न्यायची चादर आणि वळकटीचा पट्टा. ॲल्युमिनियमचा डबा आणि त्यातच बसणारा पेला. घडीचा आरसा. पितळी बिल्ला, खाली घासून नंबर पुसट झालेला. आणि खिशात मावतील अशा डायऱ्या. रबरबँड वितळून कव्हरांना चिकटलेले.

ज्याने एसटीचा जुना जमाना पाहिला नाही त्याला मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगावं लागतं. शेवटची फेरी रात्री आडगावी पोचते, तीच गाडी पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते. मधली रात्र ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात काढतात. डायरीत प्रत्येक मुक्कामापुढे गावाचं नाव आणि भत्त्याचा आकडा होता. महिनाअखेर पगाराच्या चिठ्ठीशी ताळा घालायचा म्हणून. ताळा जमला की बारीक बरोबरची खूण. एका ठिकाणी नव्हती, आणि पुढच्या महिन्यात ‘फरक मिळाला’ अशी नोंद होती.

रोजच्या पानाचा साचा ठरलेला. ड्युटी, गाडी नंबर, ड्रायव्हर कोण, भरणा किती, कमी-जादा. भरण्याचा हिशेब समजून घेतल्याशिवाय या डायऱ्या कळत नाहीत. सकाळी डेपोतून तिकिटांचे गठ्ठे घेताना प्रत्येक किमतीच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर वेबिलावर लिहायचा. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्यागणिक भाडं ठरलेलं. तिकीट फाडायचं, टप्प्याच्या आकड्यापाशी भोक पाडायचं. संध्याकाळी शेवटचे नंबर लिहायचे, किती तिकिटं फाटली ते काढायचं, गुणायचं, बेरजा मारायच्या आणि तेवढी रोकड मोजून द्यायची. कमी आली तर खिशातून भरायची. जादा आली तर तीही भरायची, कारण जादा पैसे म्हणजे कुणाला तरी तिकीट दिलेलं नाही, असा त्याचा एक अर्थ निघतो. उभ्याने, हलत्या गाडीत, घाटाच्या वळणांवर दिवसभर केलेला व्यवहार रात्री पैशाला पैसा लावून दाखवायचा. तिच्या कार्यालयात वर्षाला एकदा ऑडिट येतं तर आठवडाभर कुणाला जेवण गोड लागत नाही.

पानाच्या अगदी वर, तारखेच्या शेजारी, आणखी एक आकडा असायचा. ‘स्व. २’. कुठे ‘स्व. ५’. बऱ्याच पानांनंतर तिच्या लक्षात आलं. ड्युटीवर चढताना कंडक्टरला आपल्या खिशातले खासगी पैसे जाहीर करावे लागतात, वेबिलावर तशी नोंद असते. वाटेत लाइन चेकिंगचं पथक चढलं तर तिकिटांची रक्कम आणि हे जाहीर केलेले पैसे मिळूनच बॅगेत आणि खिशात असले पाहिजेत. स्व. म्हणजे स्वतःचे.

घरात आण्णांच्या चिकटपणाची एक गोष्ट लग्नकार्यात हमखास सांगितली जायची, आणि सांगणारी बहुतेक वेळा तीच असायची. शाळेत असताना मैत्रिणींबरोबर पाटणच्या स्टँडवर उभी होती. आण्णांची गाडी लागली. खांद्याला बॅग, चिल्लरने खाली ओढलेली. तिने गारेगारला आठ आणे मागितले. आण्णा म्हणाले, “घरी आल्यावर.” मैत्रिणी हसल्या. घरी आल्यावर गारेगार कुठून येणार? या वाक्याला दरवेळी सगळे हसायचे. आता सोप्यात डायरी हातात धरून तिने ते ‘स्व.’ काय आहे ते सांगितलं, तेव्हा धाकटा म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी त्यांच्याजवळ दोन रुपयेच होते.” “दोन होते,” ती म्हणाली, “पण दोनातून आठ आणे गेले की लगेच वेबिलाशी मेळ बसत नाही. आणि खरं सांगायचं तर आठ आण्यांसाठी त्यांनी कसंही जमवलं असतं. चिकट तर ते होतेच.” आईने आतून दुजोरा दिला.

कारण चिकटपणाचे इतर पुरावेही निघत होते. एका डब्यात नाणी होती, जुन्या खाकीच्या तुकड्यांच्या छोट्या थैल्या शिवून त्यांत किमतीप्रमाणे. चौकोनी पाच पैसे, नक्षीच्या काठाचे दहा पैसे, सहा कोनांचे वीस पैसे, सगळे ॲल्युमिनियमचे, फुंकरीने उडतील असे हलके. चार आणे वेगळे. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली, पण आण्णांनी ती बदलून घेतली नाहीत. सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणं झेललेल्या माणसाला सुटे हातचे सोडवत नसावेत. तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायची आणि उतरताना मागून घ्या म्हणायचं, हा त्या काळातला रिवाज. नातवंडांनी वीस पैशांची नाणी वाटून घेतली. कोणत्या गठ्ठ्यात ठेवायची हा प्रश्न मिटला.

पोथीत दोन जुन्या पाचशेच्या नोटा सापडल्या, २०१६ साली बाद झालेल्या. थोरला घाबरला. जवळ ठेवणं गुन्हा आहे ना? दहा नोटांपर्यंत नाही, त्यापुढे आहे, असं तिने सांगितलं. नोटा पोथीत परत गेल्या.

आण्णांच्या शेवटच्या पाकिटात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या, दोन्ही बाजूंनी कोऱ्या. धाकट्याच्या मुलीने त्या सरळ ‘ड’वर टाकल्या. आईने उचलून घेतल्या. ती एसटीची तिकिटं होती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि आण्णा त्याच सुमारास त्या वयाचे झाले. कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून द्यायचा आणि आण्णा ते जपून ठेवायचे. मशीनचा कागद उष्णतेने छापणारा, वर्षभरात अक्षरं उडतात. डायरीच्या खिशात मात्र नवीन लागले तेव्हाचं एक तिकीट होतं, जाडसर कागदाचं. त्यावरचं छापील अक्षर आणि टप्प्याचं भोक दोन्ही शाबूत.

सगळ्यात अनपेक्षित होती ती डायऱ्यांची मागची पानं. तिथे भरणा नव्हता. ‘पोफळी — गोळ्या.’ ‘शिरगाव — चष्मा दिला.’ ‘कराड, वसतिगृह — डबा. रिकामा परत आणणे.’ शहरात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे एसटीने जायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते नेणाऱ्याने त्याची नोंद ठेवली होती, पोचलं की खूण करून. आठ आणे न देणारा माणूस दुसऱ्यांचे चष्मे घाटातून उतरवत होता. हे लिहिताना चांगुलपणाचा गंध लावायचा मोह होतो, पण नोंदी तशा नाहीत. एका ठिकाणी लिहिलंय, ‘डबा विसरला. पुन्हा घेणार नाही.’ पुढच्याच आठवड्यात पुन्हा डबा आहे.

या डायऱ्यांना तिने ‘अ’ वर्ग दिला. कार्यालयात ‘अ’ म्हणजे कायम जतन, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं. डायऱ्यांची मागणी कुणी करणार नाही, हे तिला ठाऊक आहे. ‘अ’ वर्गातल्या कित्येक संचिकांचीही कुणी करत नाही.

कपड्यांना गठ्ठा नव्हता. सहा गठ्ठे कागदाचे, कपड्याचं काय? धोतर आणि सदरे आईने तेराव्यानंतर आधीच वाटले होते. खाकी मात्र कुठेच दिसेना. दरवर्षी गणवेशाचं कापड मिळायचं, इतक्या वर्षांची खाकी गेली कुठे? स्वयंपाकघरात गेल्यावर दिसलं. हरभऱ्याची पिशवी खाकी, चटणीच्या मिरच्यांची खाकी, जात्याखाली घालायचं खाकी, चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं खाकी. गहू भरलेल्या एका पिशवीला खिशाचं बटण तसंच होतं. “पँटीचं कापड लय टिकतं,” आई म्हणाली. “शर्टाचं न्हाई.” तिच्याकडे स्वतःची वर्गवारी होती आणि ती चाळीस वर्षं चालू होती.

दुसऱ्या बाजूला तिच्या वर्गवारीशी लेकीची वर्गवारी पटत नव्हती. मोडके सॉकेट, वायरचे तुकडे, खिळे, सायकलचं घंटीचं टोपण, बिनकुलपाच्या किल्ल्या. ‘ड’, ‘ड’, ‘ड’. आई प्रत्येक वेळी म्हणायची, “आसूदे.” धाकटी सून पुटपुटली, “मग आवरायचं तरी काय?” तिचं चुकत नव्हतं. सासूला त्या घरात राहायचं आहे आणि बाकीच्यांना फक्त आवरायचं आहे, हे दोन वेगळे उद्योग आहेत. आवराआवरीचं काम सुट्टीत घेतलं की असं होतं. ज्यांना जायचं असतं त्यांना संपवायची घाई, जिला राहायचं असतं तिला कसलीच नाही.

शेवटी खोकी बांधून सगळे घाटाला निघाले. कोयनानगरला आईने गाडी थांबवायला लावली. तिला पुढचा घाट एसटीने उतरायचा होता. तिची नातवंडं आणि लेक तिच्याबरोबर, बाकीचे गाडीतून मागे. कराडकडून आलेली चिपळूण गाडी अर्धी भरलेली होती. कंडक्टर बाई होत्या, खाकी शर्ट, हातात मशीन. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं, त्यामुळे आई, लेक, नात सगळ्याच अर्ध्यावर. आईने कनवटीची पिशवी सोडली आणि रक्कम मोजून हातावर ठेवली, सुटी. “बघा, असे पॅसेंजर पाहिजेत,” कंडक्टर बाई म्हणाल्या. तेवढ्यात नातीने मशीनचा क्यूआर स्कॅन करून स्वतःचे पैसे भरलेसुद्धा.

“आमचं मालक ह्याच लाइनीला हुते,” आई म्हणाली.

“कुठल्या डेपोला?” बाईंनी विचारलं, पण पुढच्या सीटवरचा माणूस पाचशेची नोट नाचवत होता आणि त्याच्याशी वाद घालण्यात उत्तर ऐकायचं राहून गेलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. “गर्दीत कंडक्टरला बोलायला लावू नये,” ती नातीला म्हणाली. “बेरीज चुकती.”

कुंभार्लीच्या वळणांवर आईने एकेक टप्पा सांगितला. शाळेच्या सुट्टीत आण्णा कधीमधी तिला चिपळूणला न्यायचे, तेव्हा तिचं तिकीटही फाडायचे, पैसे घरच्या खर्चातून. घाट उतरल्यावर पोफळीला गाडी थांबली, दोन पोती आणि एक बाई चढली. डायरीतली पोफळी हीच का, असं नातीने विचारलं. हीच. गोळ्या कुणाच्या होत्या ते आईलाही माहीत नव्हतं.

गुहागरला पोरं समुद्रात गेली. ती किनाऱ्यावर बसून थोरल्याबरोबर उरलेली कामं ठरवत होती. वारस नोंदीचा अर्ज कोण भरणार, पेन्शनच्या कामासाठी आईला साताऱ्याला कोण नेणार, पेटी कुणाकडे. पेटी धाकट्याला हवी होती, त्याच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती कुठे मावेल, यावर वहिनींचं आणि त्याच्या बायकोचं आठवड्यात पहिल्यांदा एकमत झालं. शेवटी पेटी गावातच राहिली, डायऱ्या साताऱ्याला तिच्याकडे.

परतताना गावात भंगारवाल्याला बोलावलेलं होतं. ‘ड’ गठ्ठा आणि मोडकी भांडी ओट्यावर काढून ठेवलेली. सगळे घाट उतरून समुद्र पाहून येईपर्यंत आई शेजारणीकडे किल्ली ठेवून गेली होती, तरी ओट्यावरचा ढीग निम्मा झाला होता. वीजबिलं गेली नव्हती. किल्ल्यांचा जुडगाही नाही. निघायच्या आदल्या रात्रीच आईने काय काय आत नेलं होतं, ते कुणी विचारलं नाही. आईने भंगारवाल्याचा काटा मात्र स्वतः धरून बघितला, पितळेचा भाव वाढवून घेतला, आणि पैसे मोजून झाल्यावर वीस रुपये कमी असल्याचं त्याला सांगितलं. खरंच कमी होते.